मंडळाचं नाक

मळेकरी मंडळाची नवीन खत पारखायची एक पद्धत होती. बाहेरच्या माणसाला ती सांगितली की तो आधी हसायचा, आणि एकदा सभागृहात येऊन बसला की हसणं विसरायचा. खत कुणाचंही असो, कंपनीचं असो की सरकारी खात्याचं, त्याबरोबर आलेले तक्ते आणि गुळगुळीत रंगीत कागद आधी टेबलाच्या कडेला सरकवले जायचे. मग मधल्या खुर्चीवर नाकदादा येऊन बसायचे. पुढ्यात वाटीभर पाणी आणि ते खत. दादा दोन बोटं पाण्यात बुडवायचे, चिमूटभर खत तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, त्यावर तोंडाची गरम वाफ सोडायचे आणि हुंगायचे. तेवढा वेळ सगळं सभागृह चिडीचूप. मग दादा एकतर हात वर करायचे, नाहीतर हात धुवायला उठायचे. त्यांचा हात वर गेला की मागोमाग सगळ्यांचे हात वर. ते हात धुवायला उठले की खतवाल्यानं मुकाट्यानं आपली पिशवी गुंडाळायची.

हा काही रिकामटेकड्यांचा खेळ नव्हता. शहराच्या कडेनं पसरलेल्या या मळ्यांतूनच शहराची सगळी भाजी जायची, आणि एकदा जमिनीत गेलेलं वाईट खत काही परत गोळा करता येत नाही. दादांनी नुसत्या नाकानं कोंबडखतातला भुसा पकडला होता, पेंडीतली माती पकडली होती. एकदा तर एका खताची गोणी पावसात भिजवून परत वाळवलीय हे त्यांनी ती न उघडता सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचं खरं नाव लोकांच्या तोंडून गेलं ते गेलंच. मंडळाचं नाक म्हणजे दादा. आणि दादांना त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोला. बाजारात कुणी मागून "नाकदादा" अशी हाक मारली की ते मान वळवण्याआधी जरा छाती पुढे काढायचे.

अशा माणसाची थोरली मुलगी नोकरीला कुठे, तर मैलापाणी केंद्रात. सगळ्या शहराची गटारं जिथे जाऊन पडतात तिथे.

आता हे दादांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं, "थोरली काय करते?" की ते म्हणायचे, "पाणीखात्यात आहे. इंजिनिअर." हे अगदीच खोटं नव्हतं. पाणी होतंच की. ते स्वयंपाकघरात यायच्या आधीचं की नंतरचं, एवढंच सांगायचं राहून जायचं. थोरली दर रविवारी घरी जेवायला यायची ती केंद्रावर अंघोळ करून, कपडे बदलून, एका फुलांच्या वासाच्या साबणानं हातपाय खसाखसा घासून. दारातून आत आली की आधी साबणाचा वास यायचा आणि मग थोरली. दादांना तो वास बरा वाटायचा. त्यामागचं काही विचारावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्या वर्षी सरकारनं नवीन धोरण काढलं. शेतातून शहरात गेलेला कस शहरानं शेताला परत द्यायचा. मोठ्या मैलापाणी केंद्रांनी पाण्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, वेगळं काढायचं, त्याचं खत करायचं आणि ते जवळच्या मळ्यांना पुरवायचं. मात्र सक्ती कुणावर नाही. मळेकऱ्यांच्या मंडळानं हात वर करून हो म्हणायला हवं. हंगाम संपेपर्यंत मंडळानं हो म्हटलं नाही, तर स्फुरद काढायचं यंत्र उचलून ज्या गावचे मळेकरी तयार असतील तिकडे नेऊन बसवायचं.

सभेच्या आधीच्या रविवारी थोरली जेवता जेवता म्हणाली, "बाबा, परवा मंडळात सरकारी खात्याच्या बाई जे खत आणतील ना, ते माझं आहे."

"तुझं म्हणजे?"

"म्हणजे मी केलेलं. आमच्या केंद्रातलं." तिचे डोळे लकाकत होते. "आमच्या पाइपांत आतून पांढरा दगड धरायचा, आठवतंय? नोकरीला लागले तेव्हा वर्षभर मी तो छिन्नीनं फोडत होते. हात सोलून निघायचे आणि तुम्ही मलम आणून दिलं होतंत. तो दगड म्हणजे नुसतं स्फुरद, बाबा. जे तुम्ही विकत घेता तेच. आम्ही ते फोडून फोडून टाकून देत होतो. मग मी म्हटलं, पाइपात जे नको तिथे धरतंय, ते हवं तिथे का धरू नये? त्यासाठी यंत्र बसवलं. साहेबांशी भांडून, पंपवाल्यांशी भांडून, सगळ्यांशी भांडून."

"भांडण्यात तू आईवर गेलीस," दादा म्हणाले.

"हो का," आई वाढता वाढता म्हणाली. "आणि हट्टात कुणावर गेली?"

दादांनी ते कानाआड केलं. "हे बघ थोरले," ते म्हणाले, "मी सभेत ओळख दाखवणार नाही. नाकाला नातं नसतं."

"दाखवू नका," थोरली म्हणाली. "तशीही कुठे दाखवता?" आणि ती हसली, म्हणून दादाही हसले. आई मात्र हसली नाही.

सभेला खात्याच्या बाई आल्या. बाई सरळ होत्या, बोलायच्याही छान. त्या म्हणाल्या, "आपण जे स्फुरद वापरतो ते दूरच्या देशांत खाणीतून खणतात. तिथून जहाजानं आणायचं, शेतात टाकायचं, भाजीतून ते शहराच्या पोटात जातं आणि तिथून वाहून समुद्रात. मग परत नवीन खणायला निघायचं. हे किती दिवस चालणार?" इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. पण पुढे बाईंची गाडी जरा अडखळली. पुनर्प्राप्ती, पोषकद्रव्य, चक्र असे शब्द आले आणि 'गटार' हा शब्द काही त्यांच्या तोंडून फुटेना. गोणीवर 'मोतीखत' असं छापलं होतं आणि मोत्यांचं चित्र होतं. ते कुठून आलं हे खाली इतक्या बारीक अक्षरांत होतं की त्यासाठी चष्मा पुसावा लागला असता.

दादा खुर्चीवर बसले. दाणे सुरेख होते, पांढरे, बाजरीएवढे. मनातल्या मनात त्यांनी पोरीची पाठ थोपटली. दोन बोटं भिजवली, चिमूट घेतली, चोळली, वाफ सोडली आणि हुंगलं.

फुलं. नाकात नुसती फुलंच फुलं.

त्यांनी परत हुंगलं. हा वास त्यांना पाठ होता. दर रविवारी दारातून आत येणारा साबणाचा वास. त्याच्या खाली खताचा स्वतःचा वास कुठे आहे ते त्यांनी शोधून पाहिलं, पण फुलं बाजूलाच होईनात. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. हात वर केला असता तर काम झालं असतं, पोरीचं यंत्र राहिलं असतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. दादांचा हात मांडीवरून जरा उचलला गेलाही. पण जन्मभर ज्या नाकानं दुसऱ्यांच्या लबाड्या धरल्या, त्या नाकाला त्यांना फसवता येईना.

"यात काहीतरी झाकलंय," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

बाईंचा चेहरा उतरला. पण त्या चिवट होत्या. "हंगाम संपायच्या सभेला मी परत येते," त्या म्हणाल्या. "तोवर विचार करा. नाहीतर यंत्र जाईल." मागच्या रांगेतून गाजरशेठ म्हणाले, "जाईना का. आम्हाला मोत्यांची शेती करायची नाहीये." गाजरशेठ म्हणजे नुसती गाजरं लावणारा मळेकरी, पण बोलणं असं की सगळा बाजार यांच्याच खिशात. दादांचं आणि त्यांचं कधी फारसं जमलं नव्हतं. त्या दिवशी मात्र गाजरशेठनी जाता जाता दादांची पाठ थोपटली, आणि दादांना ते फार लागलं.

रविवारी थोरली आली ती तोंड बांधल्यासारखी. ताटात चमचा फिरवत बसली. शेवटी दादाच म्हणाले, "साबण कुणी घातला त्यात?"

"साबण नाही. अत्तराचा अर्क. मीच फवारला."

"कशाला?"

"वास येऊ नये म्हणून."

"अगं, खताला वास नाही तर कशाला असतो? लोक हुंगून खत घेतात हे तुला माहीत नाही? माझी मुलगी असून तुला एवढं कळू नये?"

थोरलीनं चमचा खाली ठेवला. "आमच्या केंद्रातल्या माणसाला एकच काम माहीत असतं, बाबा. वास मारायचा. बसमध्ये बाजूचा माणूस उठून जातो. घरभाडं ठरवताना नोकरी कुठे ते सांगता येत नाही. आम्ही सगळे जाताना घासघासून अंघोळी करतो. दाणे तयार झाले तेव्हा आमच्यातल्या एकालाही असं वाटलं नाही की ते जसे आहेत तसे द्यावेत." तिनं ताट दूर सारलं. "आणि मला वाटलं, तुम्हाला तो वास आवडतो."

ती न जेवताच उठून गेली. दादा पानावर बसून राहिले. आईनं शांतपणे ताट उचललं, ठेवलं, आणि परत येऊन समोर बसली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही तिला पाणीखात्यात लपवलंत, तिनं दाण्यांना अत्तरात लपवलं. सभेत म्हणालात ना, काहीतरी झाकलंय म्हणून? बरोबर ओळखलंत. झाकायला कुणाकडून शिकली तेवढं ओळखायचं राहिलं."

दादांनी समोरचं पान बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात भाजी उतरवली आणि दादा तिथूनच तडक मैलापाणी केंद्राकडे निघाले. इतक्या वर्षांत ते त्या रस्त्यानं कधी गेले नव्हते. फाटकाशी पहारेकऱ्यानं हटकलं, "कुणाकडे?"

दादांचं तोंड 'पाणीखात्याकडे' म्हणायला उघडलंच होतं. त्यांनी ते मिटलं. "माझी मुलगी इथे काम करते," ते म्हणाले. "ते पांढऱ्या दाण्यांचं यंत्र जिनं बसवलं, ती."

पहारेकरी स्टूल सोडून उभाच राहिला. "बाईंचे वडील? मग आधी सांगायचं नाही का? या, या. बाईंमुळे आमचं केंद्र पेपरात आलं होतं. मी कात्रण ठेवलंय." आणि त्यानं खरंच खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. दादांनी ते वाचलं. घरी पेपर येत होता, पण ती बातमी त्यांनी कशी पाहिली नव्हती कोण जाणे.

आत गेल्यावर नाकानं आपलं काम सुरू केलं. पहिल्या जाळीशी, जिथे शहराच्या चिंध्या, कंगवे आणि खेळण्यातल्या मोटारी अडकतात, तिथला वास म्हणजे वास होता, त्यात शंका नाही. पण दादांनी आयुष्यभर शेणखताचे ढीग उलथले होते, ते काही नाक धरून पळणाऱ्यांतले नव्हते. हौद मागे पडत गेले तसा वास उतरत गेला. शेवटच्या हौदापाशी तर नुसतं तळ्याकाठी उभं राहिल्यासारखं वाटलं. एवढी घाण आत येते आणि एवढं पाणी बाहेर जातं, आणि हे काम रोज चालतं, आणि शहरात कुणाला त्याची खबरही नाही. दादांना आतून कुठेतरी बरं वाटू लागलं.

यंत्राच्या शेडमध्ये थोरली होती. नारिंगी डगला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस टोपीत कोंबलेले. ती एका धिप्पाड पंपवाल्याला फैलावर घेत होती, आणि तो खाली मान घालून "हो बाई, हो बाई" करत होता. दादा दाराशीच थांबले. आपल्या पोरीला कामावर असताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मळ्यात पाणी सोडताना ते स्वतः ज्या आवाजात बोलत, तोच आवाज, शब्दही बरेचसे तेच. त्यांची छाती आपसूक पुढे आली.

तिनं वळून पाहिलं आणि ती गोंधळली. हात डगल्याला पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे? मी अजून अंघोळ..."

"राहू दे अंघोळ," दादा म्हणाले. "यंत्र दाखव."

यंत्र म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा पत्र्याचा शंकू, टोक खाली. गाळ पिळून निघालेलं पाणी तळातून आत चढायचं, वरून मॅग्नेशियमची धार पडायची, आणि त्या फिरत्या पाण्यात कणाला कण चिकटत दाणा धरायचा. "हलका आहे तोवर फिरत राहतो," थोरली सांगत होती, "जड झाला की आपला आपण खाली बसतो. मग तळाची झडप उघडायची." सांगताना ती सगळा रुसवा विसरली होती. दादा प्रश्न विचारत होते आणि ती उत्तरं देत होती, आणि दोघांना कळलंही नाही की एवढं बोलणं त्यांच्यात कैक वर्षांत झालं नव्हतं.

"आता ताजे दे," दादा म्हणाले. "अत्तर न फवारलेले."

थोरलीनं झडप उघडली आणि ओले, कोमट दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. दादांनी चोळले. वाफ सोडली. हुंगलं. आधी काहीच लागलं नाही. मग शाळेतल्या ओल्या पाटीसारखा थंड वास. ते थांबले, डोळे मिटून परत वाफ सोडली, आणि मग अगदी तळाशी, आहे की नाही असं वाटणारा एक बारीक टोचरा वास आला. तो त्यांनी कुठेतरी घेतला होता. मळ्यात नाही, बाजारात नाही. घरात. दादा तळहात नाकाशी धरून तसेच उभे राहिले आणि त्यांना तो सापडला. बाळाच्या दुपट्याचा वास. सकाळी पाळण्यातून बाळाला उचललं की येतो तो. थोरली तान्ही असताना आईला झोप मिळावी म्हणून ते पहाटे तिला घेऊन मळ्याच्या बांधावरून फेऱ्या मारायचे, तेव्हा त्यांच्या खांद्याला हाच वास यायचा.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं. "येतोय ना वास?"

"येतो," दादा म्हणाले. "मला याची एक गोणी हवी. अशीच. आणि तुमच्या प्रयोगशाळेचे कागद मंडळाला पाठव, जंतू नाहीत, धातू नाहीत असं लिहिलेले. गाजरशेठला कागद लागतात."

"अत्तर न लावता मंडळ घेईल?"

"लावलंस तर घेणार नाही, एवढं नक्की."

मग हंगामभर दादांच्या मळ्यात कोबीचे दोन पट्टे शेजारी शेजारी वाढले. एकाला नेहमीचं खत, दुसऱ्याला थोरलीचे दाणे. पाणी तेच, ऊन तेच. धाकटा मुलगा मळा बघायचा, त्याला दादांनी बजावलं होतं की दोन्हींत पैशाचाही दुजाभाव नको, आणि तरी स्वतः दिवसातून दहादा बांधावर. डोळ्यांत तेल घालून बघायचे. चमत्कार वगैरे काही झाला नाही, आणि झाला असता तर दादांना संशयच आला असता. पण हंगामाच्या शेवटी दोन्ही पट्ट्यांतले गड्डे कापून शेजारी ठेवले तेव्हा धाकट्याला कुठला कुठला ते सांगता येईना. तेवढ्यावर दादा खूश झाले. एक खत जहाजात बसून अर्धं जग फिरून आलं होतं, आणि दुसरं आपल्याच रस्त्याच्या टोकाकडून. आणि दोघांची पोच सारखीच.

हंगाम संपायची सभा भरली तेव्हा सभागृह ओसंडून वाहत होतं. यंत्राची गोष्ट बाजारभर झाली होती. दादांनी खात्याच्या बाईंना आधीच गाठून मोत्यांची गोणी बाहेर ठेवायला लावली होती. टेबलावर आता साधी गोणी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: शहराच्या मैलापाण्यातून काढलेलं स्फुरद. सभागृहात कुजबुज सुरू झाली. दादांची बायको बायकांच्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती.

दादा खुर्चीवर बसले. भिजवलं, चोळलं, वाफ सोडली, हुंगलं. मग ते बोलायला उभे राहिले. हे आजवर कधी झालं नव्हतं.

"मागच्या वेळी यात अत्तर होतं," ते म्हणाले. "म्हणून मी उठलो. आज नाहीये. हे गटारातलं आहे. आपल्याच गटारातलं. आपण पिकवलं, शहरानं खाल्लं, ते परत आलंय. मी स्वतः हंगामभर कोबीला घालून पाहिलं, गड्डे बाहेर ओट्यावर ठेवलेत, ज्याला ओळखता येतील त्यानं ओळखून दाखवावेत. कागद पाहिजेत त्याला कागद आहेत."

"दादा, एक विचारू?" गाजरशेठ उठले होते. "बाजारात ऐकलं की हे यंत्र एका मुलीनं बसवलंय. आडनाव तुमचंच सांगतात. तुमची थोरली तर पाणीखात्यात ना?"

दादांना कळलं की आता दोन्हीकडून पंचाईत आहे. हो म्हणावं तर लोक म्हणतील पोरीसाठी नाक विकलं, आणि इतके दिवस थापा मारल्या त्या वेगळ्याच. नाही म्हणावं तर खत आत्ता पास होईल, यंत्र राहील, नाकही राहील. गाजरशेठ हसत होते. दादांनी बायकोकडे पाहिलं. ती नुसती बघत होती, काही सांगत नव्हती.

"थोरली गटारात काम करते," दादा म्हणाले. आवाज असा की मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "मैलापाणी केंद्रात. लागल्यापासून तिथेच आहे. पाणीखातं मी सांगत होतो, तिनं कधी सांगितलं नव्हतं. हे यंत्र तिनं उभं केलं. या शहरात माझ्या ओळखीत एवढं मोठं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि त्यात मीही आलो."

गाजरशेठ खाली बसले.

"आता मी तिचा बाप आहे," ते पुढे म्हणाले, "तेव्हा आज माझं नाक जमेस धरू नका. मी हात वर करणार नाही आणि धुवायलाही उठणार नाही. वाटी फिरवा. ज्याचं त्यानं हुंगायचं आणि ज्याचं त्यानं ठरवायचं." त्यांनी वाटी आणि दाणे पहिल्या रांगेत दिले, आणि हात मांडीवर ठेवून खाली बसले.

मंडळात असं पहिल्यांदाच होत होतं. लोक आधी लाजले. मग एकानं बोटं भिजवली, दुसऱ्यानं भिजवली. कुणी जोरात हुंगून शिंकलं, कुणी म्हणालं वासच नाही, कुणी म्हणालं ओली पाटी. वाटी सरकत सरकत गाजरशेठकडे आली. त्यांनी दाणे चोळले, वाफ सोडली, नाक जवळ नेलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी परत हुंगलं.

"हा तर," ते हळूच म्हणाले, "आमच्या नातीच्या दुपट्याचा वास."

सभागृहात हशा उसळला. पण हसता हसता लोक पुन्हा हुंगू लागले, आणि ज्यांनी ज्यांनी पोरं वाढवली होती त्यांना तो वास लागला. बायकांच्या रांगेत वाटी दोनदा फिरली. आणि मग कुणाकडेही न बघता, एकेक करून, हात वर जाऊ लागले. पुढच्या रांगेत, मधे, मागे. गाजरशेठनी मान खाजवली, इकडेतिकडे पाहिलं आणि हात वर केला. दादा मांडीवर हात ठेवून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातावाचून मंडळाचे हात वर गेले होते, आणि दादांना त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. थोरली उभी होती. कामाची पाळी संपवून तशीच आली होती, नारिंगी डगला, रबरी बूट, टोपीतून सुटलेले केस. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण डोळे ओले होते, म्हणजे बराच वेळ असावी. दारापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या मळेकरीणबाईंनी सरकून जागा केली. "ये गं, बस."

"नको, आजी," थोरली म्हणाली. "कामावरून तशीच आलेय. वास येईल."

दादा उठले. रांगांमधून वाट काढत दारापर्यंत गेले. सगळे बघत होते. त्यांनी पोरीचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला आणि तळहातावर तोंडाची गरम वाफ सोडली. डोळे मिटले आणि हुंगलं. खताला लावायचे त्याहून जास्त वेळ लावला.

मग नाकदादांनी हात वर केला.

मागोमाग सगळ्यांचे हात वर गेले, काहींचे तर अजून खाली आलेच नव्हते. थोरली रडत होती आणि हसत होती. "पुरे आता," आई बायकांच्या रांगेतून म्हणाली. "चला घरी, जेवण निवतंय."